तीन नंबरचा माऊस

शिवाजी पेठेतल्या दादासोच्या सायबर कॅफेत एक माणूस आत शिरायचा तर आधी एकाला बाहेर पडावं लागत होतं. तालमीतली पोरं फुटबॉलची प्रॅक्टिस बुडवून आलेली, बायका खिडकीच्या गजांना धरून उभ्या. आणि एवढी जत्रा कशाला? तर एका अडलेल्या माऊसला बघायला!

"सरका, सरका! महाराज मंत्र टाकणार हायत!"

यंत्रनाथ महाराजांनी माऊस शालीखाली घेतला, डोळे मिटले आणि सुरू झाले, "ओम ह्रीं क्लीं, डबल क्लिक स्वाहा! माझा मंत्र लोखंडातनं आरपार जातो, भक्तहो! भिंत असू दे, पत्रा असू दे, आरपार!"

शाल हलली. उदबत्त्यांचा धूर दाटला. मिनिटाभरानं माऊस बाहेर आला आणि पडद्यावरचा बाण, जो मघाशी चिखलातल्या म्हशीसारखा रुतून बसला होता, तव्यावरच्या लोण्यासारखा घसरू लागला. लोकांनी टाळ्या पिटल्या. खिडकीतल्या बायकांतल्या झुंबरबाईंनी तर गजांतनं हात घालून माऊसला हळदकुंकू वाहिलं.

गर्दीच्या मागं शिवगंगा उभी होती. धुराच्या आडून तिला इंजेक्शनच्या कापसाचा वास आला. दवाखाना नाही, सुई नाही, मग हा वास कुठला?

साल दोन हजार तीन. आज ज्याला ऐटीत ई-स्पोर्ट्स म्हणतात, त्याला तेव्हा पेठेत "कार्टं वाया गेलंय" असं म्हणत. दादासोच्या कॅफेत पाच जणांची टीम होती, वायरीनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर गोळीबाराचा खेळ खेळणारी. सलग तीन मॅच हरल्यावर दादासो शिवगंगाकडं गेला. ती कागलची, कपाळावर विभूती, खेळाडूंच्या मनाचा अभ्यास केलेली. तालमीत पैलवानांना कुस्तीआधी मन थाऱ्यावर ठेवायला तीच शिकवायची.

"अक्का, पैलवानांचं डोस्कं शांत करतासा, तर ह्या पोरांचं बी करा की!"

शिवगंगा कीर्तनाची वेडी. देवळात टाळ वाजला की हातातलं काम टाकून पळायची. पोरांना तिनं तिथलंच शिकवलं. "बुवा अभंगाचं ध्रुपद उचलायच्या आधी छाती भरून घेतात ना, तेवढाच श्वास घ्यायचा. मग हात चालवायचा." कॅप्टन महांतेशचा घामेजलेला हात जरा सैल पडू लागला होता, आणि तेवढ्यात हे महाराज उपटले.

त्या दिवशी मंत्र टाकून झाल्यावर साक्षी पुढं आली. टीममधली एकुलती एक मुलगी, दाराजवळच्या तीन नंबरवर बसणारी, नेम सगळ्यांत पक्का. तिनं सरळ विचारलं, "महाराज, शाल बाजूला ठेवून करा की एकदा. आमास्नी बी शिकू दे."

महाराजांच्या भुवया चढल्या. "हीच ती! हिच्या सावलीनं यंत्र बांधलं जातंय. बघा, तीन नंबरचाच माऊस सारखा अडतो का न्हाय? हिला काढा, तरच रविवारी कबनूरची मॅच जिंकशीला!"

पोरांनी माना डोलावल्या. तीन नंबरचा माऊस सारखा अडायचा, हे खरंच होतं.

"साक्षे," महांतेश खाली बघत म्हणाला, "एक मॅच बाहेर बस."

"एकच का? जन्मभर बसते की!" साक्षीनं चप्पल पायात सरकवली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. घरच्यांशी भांडून भांडून तिनं ही जागा मिळवली होती. आज परत गेली असती तर तिला पुन्हा कुणी सोडलं नसतं.

शिवगंगानं महांतेशला कोपऱ्यात घेतलं. "तुझा हात मंत्रानं सुटतो?"

"व्हय अक्का. महाराजांचा माऊस धरला की थरथर जाते."

"भीती गेली की थरथर जाते. पण ज्याच्यावर भरवसा ठेवलास ते खोटं निघालं, तर भर मॅचमध्ये काय करशील? मॅचच्या आधीच बघूया."

दोन दिवसांनी, शुक्रवारी, तीन नंबरचा माऊस परत अडला. गर्दी परत जमली. महाराजांच्या हुकमानं साक्षी समोरच्या पानपट्टीशी उभी. शिवगंगानं सगळ्यांदेखत माऊस उलटा केला. पोटात रबराचा गोळा होता आणि त्याला धरून ठेवणारं, फिरवून निघणारं गोल झाकण. गोळा मोकळा ठेवून झाकणाच्या कडेला तिनं चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले, त्यावर सही ठोकली आणि हात जोडून माऊस पुढं केला.

"महाराज, मंत्र लोखंडातनं आरपार जातोय म्हणालासा. चिकटपट्टीचं काय एवढं!"

हशा पिकला. महाराजांनी माऊस शालीखाली घेतला. बोटं पट्टीला लागली तशी स्वाहाची गाडी घसरली. "ओम ह्रीं... क्लीं..." पाच मिनिटं झाली, दहा झाली. माऊस बाहेर आला. बाण जिथल्या तिथं!

"कुणीतरी अंडं खाऊन आलंय इथं!" महाराज गरजले.

"अवो महाराज," झुंबरबाई खिडकीतनं ओरडल्या, "पांढऱ्या रश्श्याचं गाव हाय हे! अंड्यानं मंत्र अडत असंल, तर कोल्हापुरात आलासाच कशाला?"

लोक पोट धरून हसू लागले. महाराज तरातरा उठले, तर शालीचं टोक दादासोच्या खुर्चीत अडकलं. झटका बसला आणि कापसाचा काळाकुट्ट बोळा अन् स्पिरिटची इवलीशी बाटली टपकन खाली पडली.

"साक्षी, आत ये!" शिवगंगानं हाक मारली.

साक्षीनं पट्ट्या काढल्या, झाकण फिरवलं, गोळा तळहातावर घेतला. आत दोन बारीक दांड्या होत्या. गोळा त्यांना फिरवतो आणि त्या फिरल्या की बाण हलतो. त्या दांड्यांवर तेलकट धुळीचा थर बसला होता. तिनं तो नखानं खरवडला आणि नाकाजवळ नेला.

"दादासो, हे तुमचं भडंग!"

दादासोनं कपाळावर हात मारला. गेमबरोबर भडंगाची पुडी फुकट, ही त्याचीच जाहिरात. पोरं तेलकट बोटांनी खेळायची, दारातली धूळ त्यावर बसायची, आणि सगळ्यांत जास्त धूळ दाराजवळच्या तीन नंबरला. महाराज शालीखाली झाकण काढून दांड्या पुसायचे, एवढाच तो मंत्र. पूर्वी ते एका टायपिंग क्लासात मशीन पुसायला होते, हेही मग त्यांच्याच तोंडून निघालं.

साक्षीनं गोळा बसवला. बाण लोण्यासारखा घसरला.

महांतेशचे कान लाल झाले. "साक्षे, चुकलं. तीन नंबर तुझाच."

"तीन न्हाय," साक्षी म्हणाली, "आता मी दारापासनं लांब बसणार. तू बस धुळीत!"

शिवगंगा हसली. "पोरांनो, देव माझाही आहे. कीर्तनात माझे डोळे भरून येतात. पण देवाला माऊस पुसायच्या कामाला लावायचं, ही भक्ती नव्हे. जिथं झाकण आहे तिथं ते उघडून बघावं. आणि जो उघडू देत नाही, त्याच्यापुढं हात जोडायच्या आधी दोनदा विचार करावा."

रविवारी कबनूरला, मॅचच्या आधी, पाचही जणांनी आपापला माऊस उलटा केला, गोळा काढला, दांड्या पुसल्या. मग डोळे मिटून बुवांसारखा छाती भरून एक श्वास घेतला. समोरच्या टीमचा कॅप्टन टकामका बघत होता.

"पावणं, हा कुठला मंत्र म्हणायचा वो?"

साक्षीनं पिशवीत हात घातला आणि त्याच्यापुढं केला.

"घ्या. कापूस हाय. तुमचा बी पुसा, मग खेळूया."