तपासणाऱ्याची सही

सव्वाबाराला कश्मिराचा फोन आला तेव्हा देविका कुकर लावून नुकती लॅपटॉपकडे वळली होती. कश्मिरा डायलिसिस सेंटरचा काउंटर सांभाळते. मराठी तिला कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "भाभी, चिरगाँववाले गजानन भैया आए ही नहीं. कहीं मैसेज तो नहीं रह गया?"

रेंज नसेल त्यांच्याकडे, असं देविका म्हणाली.

सेंटरमधल्या पाळ्यांचं सॉफ्टवेअर तिचं. चाळिशीनंतर व्हिडिओ बघत, पोळ्या लाटता लाटता शिकलेलं. रोज संध्याकाळी पाचला ते दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांना आपणहून मेसेज पाठवतं, आणि चिरगाँव-बबीनासारख्या बाहेरगावची माणसं तो आला तरच बस धरतात. परवा सेंटरमध्ये पाचवं मशीन बसलं. काल देविकानं कोडमधल्या चारचा पाच केला आणि थेट चालू सॉफ्टवेअरवर चढवला. एकच तर आकडा.

आणि मामंजींना वाचून दाखवलं नाही.

मामंजी म्हणजे तिचे सासरे, अनंतराव. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं नकाशांवरच्या 'तपासले' या चौकटीत त्यांची सही होती. आता नजर गेल्यात जमा, आणि कॉम्प्युटरचं तर त्यांना ओ की ठो कळत नाही. पण घरात दुसरं डोकं कुठलं? म्हणून देविकानंच नियम घातला होता, नवं काही चढवण्याआधी ओळ न् ओळ मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवायची. ते प्रत्येक ओळीला 'का?' विचारत, आणि उत्तर देता देता तिचं तिलाच चुकलेलं सापडे. वेळ मात्र फार जाई. काल तिला नगरा भागात हळदीकुंकवाला जायचं होतं.

तिनं कोड उघडला. चार दोन ठिकाणी लिहिलेला होता. पाळ्या लावणाऱ्या भागात त्याचा पाच झाला होता, मेसेज पाठवणाऱ्या भागात चारच राहिला होता. यादीत पाचवा माणूस बसला, बोलावणं चौघांनाच गेलं. नव्या मशीनवर आज एकटे गजाननच होते, आणि त्यांचं मागचं डायलिसिस होऊन तीन दिवस झाले होते.

बोटं कीबोर्डवर गेली. पुसायचं, पाच लिहायचं, चढवायचं. दोन मिनिटं.

"काय झालं?" मामंजींनी पलंगावरून विचारलं.

"काही नाही."

"मग खुर्ची का वाजतेय?"

पाय हलत होता तिचा. तिनं सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"माणूस कुठे आहे ते आधी बघ," ते म्हणाले. "कोड कुठे पळून जात नाही."

गजानन फोन उचलेनात. एकदा, दोनदा, पाचदा. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. ती उठली, बसली, परत उठली. मग त्यांच्या नोंदीत खाली दुसऱ्या फोन नंबरचा रकाना दिसला. हिवाळ्यात मामंजींनी विचारलं होतं, आणि फोन उचलला नाही तर? तेव्हा तणतणतच तिनं तो घातला होता. तिथे गजाननांच्या पुतण्याच्या खताच्या दुकानाचा नंबर होता.

पुतण्या म्हणाला, चाचा घरीच आहेत, आज नंबर लागला नाही म्हणतात, सकाळपासून धाप लागलीय.

"नंबर लगा था," देविका म्हणाली. "मैसेज मेरी गलती से नहीं गया. आप उन्हें लेकर अभी निकलिए."

तेच वाक्य तिनं कश्मिराला फोन करून ऐकवलं. कश्मिरा म्हणाली, मशीन रिकामं ठेवते.

डाळभात खाली लागला. दोघांनी वरवरचा खाल्ला. देविका मोबाइल उलटा ठेवी, लगेच सुलटा करी. अडीचला कश्मिराचा मेसेज आला: 'बैठ गए. वज़न साढ़े तीन किलो बढ़ा है.' तीन दिवसांत अंगात साठलेलं पाणी. तिनं तो मेसेज दोनदा वाचला.

पाचला उद्याचे मेसेज जायचे होते. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि वाचायला लागली.

"मशीनं, पाच."

"पाच कोणी लिहिलं?"

"मी."

"आणि तिकडे खाली?"

"तिकडेही मीच लिहिणार आता."

"दोनदा का?"

तिनं दोन्ही आकडे पुसले, सगळ्यात वर एकदाच पाच लिहिला, आणि दोन्ही भागांनी तिथूनच घ्यावा अशी सोय केली. आता चढवू का, तिनं विचारलं.

मामंजींनी उशी सारखी केली.

"पुन्हा पहिल्यापासून वाच."

तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि पहिली ओळ घेतली.