माझ्या पाठीवरचं नाव

मित्रांनो, क्योतोतल्या एका प्रयोगशाळेच्या फळीवर बसलेला मी एक जुना कंपनमापक आहे. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा. पण जमिनीखालच्या माशाने जांभई दिली तरी मला कळतं! भूकंप तोच मासा घडवतो, असं इथले म्हातारे सांगतात. माझी त्याची चांगली ओळख आहे. खोटं वाटत असेल, तर त्यालाच विचारा.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर पुलांच्या पोटातली बारीक थरथर ओळखण्यासाठी पुण्याच्या सुप्रभाताईंनी मला घडवलं. पावसात, बर्फात मी पुलांवर राबलो. परतलो की ताई मला मऊ फडक्याने पुसत.

पुढे त्यांची इथली नेमणूक संपत आली. हेच काम अमेरिकेत चालू ठेवायचं, तर तिथल्या व्हिसाच्या अर्जात आपली असामान्य क्षमता सिद्ध करावी लागणार होती. नाहीतर पुलांचं काम कायमचं सुटलं असतं. त्यांचे गुरू मोरिता-सेन्सेई यांनी शिफारसपत्र दिलं. ते वाचून ताईंचे यजमान नरेंद्रराव यांनी कपाळाला हात लावला.

"वेळेवर येते, कचरा नीट वेगळा करते, कुणाला त्रास देत नाही. अगं, हे संशोधकाचं पत्र की भाडेकरूचं?"

"स्वतःहून कसं सांगू रे, माझी स्तुती करा म्हणून?"

"मग लाजत लाजत पुण्याला परत जाऊ!"

ताईंनी मला सायकलच्या टोपलीत घातलं आणि तडक सेन्सेईंचं टेबल गाठलं.

"सेन्सेई, हे यंत्र कुणी बनवलं?"

"तुम्हीच, सुप्रभा-सान."

"मग पत्रात का नाही?"

सेन्सेई कानापर्यंत लाल झाले. "तुम्ही माझ्या घरच्या. घरच्यांची स्तुती बाहेर करणं बरं दिसत नाही. बाहेरच्यांना विचारा. सेंदाईच्या ओनो-सानना."

ओनो-सान! त्यांचं यंत्र माझं प्रतिस्पर्धी, आणि दर परिषदेत ते माझ्यात खोट काढणारे. तरी ताई गेल्याच.

ओनो-साननी चहाचा पेला बाजूला ठेवून कागद ओढला. "आमच्या पुलाची भेग माझ्या यंत्राने सोडली, तुमच्याने पकडली. लिहितो. मी हरलो, हेही लिहितो."

(भेग पकडली तेव्हा माशाने परांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ते मात्र पत्रात राहून गेलं.)

अर्ज मंजूर झाला. ताई गेल्या. मी प्रयोगशाळेची मालमत्ता, म्हणून इथेच राहिलो. नवी यंत्रं आली आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

एका संध्याकाळी सेन्सेईंनी मला खाली काढलं, पुसलं आणि कुंचल्याने माझ्या पाठीवर लिहिलं : 'हे सुप्रभा-सान यांनी घडवलं. असं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.'

मग हळूच म्हणाले, "आता त्या बाहेरच्या झाल्या. आता चालेल."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. पण कुणाचं कौतुक करायचं असेल, तर ते माणूस घरचं असतानाच करून टाका. माझी पाठ काही सगळ्यांना पुरायची नाही.