नववा खण

धाकटीने सी ही संगणकाची भाषा शिकायला घेतली तेव्हा घरात हसू पिकलं होतं. पण थोड्याच दिवसांत तिने थोरल्या जावेच्या उबवणी केंद्रासाठी प्रोग्राम लिहून दाखवला. अंड्यांचे आठ ट्रे, प्रत्येकात एक तापमापक, आणि कुठेही उष्मा वाढला की भोंगा. बटण दाबून भोंगा वाजवून बघितला, तर थोरली केवढी दचकली! मग आल्यागेल्याला कौतुकाने सांगत सुटली.

त्यानंतर भोंगा वाजलाच नाही. सगळं ठीक चाललंय, असंच दोघींनी धरलं.

एका दुपारी केंद्राच्या पुढच्या खोलीत बसून धाकटीने क्लासच्या सरांना फोन लावला. प्रोग्राम तर चालतोय, आता पुढे काय शिकू?

"चालतोय म्हणजे बरोबर आहे असं नाही हं," सर म्हणाले. "तुम्ही लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तसा भिडस्त. त्याच्या सगळ्या सूचना चालू करा, मग बघा कसा तोंड उघडतो ते. आणि डीबगर लावा. तो प्रोग्राम एकेका ओळीवर थांबवतो, कुठे काय आकडा आहे ते दाखवतो."

तिने सूचना चालू केल्या. कंपायलर एका ओळीवर अडून बसला: तुम्ही आठ खणांच्या बाहेर लिहिताय. ट्रेंचे आकडे ठेवायला तिने प्रोग्राममध्ये आठ खण आखले होते.

"काहीतरीच! आठच तर आहेत," ती पुटपुटली. तरी डीबगर लावून एकेक ओळ पुढे सरकवू लागली. सी शून्यापासून मोजते, म्हणजे सातवर थांबायला हवं होतं. तिने आठपर्यंत मोजलं होतं. नववा खण नव्हताच. नसलेल्या तापमापकाचा आकडा आला नऊशे नव्व्याण्णव, आणि तो शेजारच्या जागेत जाऊन बसला. तिथे भोंग्याची मर्यादा होती. अडतीसची मर्यादा तिच्या डोळ्यांदेखत नऊशे नव्व्याण्णव झाली.

केंद्राला आग लागली असती तरी भोंगा वाजला नसता.

नजर वरच्या आकड्यांवर गेली. सदतीस, सदतीस... आणि शेवटच्या दोन ट्रेंसमोर एक्केचाळीस.

"जाऊबाई!" ती किंचाळतच आत धावली.

यंत्राचं दार उघडताच तोंडावर वाफ आली. मागचा पंखा बंद पडला होता. थोरलीने शेवटच्या ट्रेमधलं एक अंडं उचलून बॅटरीच्या उजेडात धरलं. आत काहीच हललं नाही. दुसरं धरलं, तिसरं धरलं. मग ती मेलेली अंडी तिने परत ट्रेमध्ये ठेवली.

"भोंगा वाजला नाही गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी कान देऊन होते. वाजलाच नाही."

"माझं चुकलं," धाकटी म्हणाली.

"मला बोलायला लावू नकोस आत्ता. बाकीचे ट्रे बाहेर काढ."

दोघींनी मिळून सहा ट्रे शेजारच्या रिकाम्या यंत्रात हलवले. शेवटचे दोन गेले ते गेलेच. संध्याकाळी धाकटीने त्या ओळीतल्या 'आठपेक्षा कमी किंवा बरोबर' या अटीतलं 'बरोबर'चं चिन्ह पुसलं. बस्, तेवढंच. एवढ्याशा दोन रेघांपायी? तिचा विश्वासच बसेना.

थोरली चहाचा कप आपटल्यासारखा ठेवून शेजारी बसली. अजून रागातच होती.

"तो काय तुझा डीबगर," ती म्हणाली, "मलाही दाखव. सगळ्या ओळी. एकही सोडायची नाही."