साखऱ्याचं आरमार

साखऱ्यापासून समुद्र किती लांब आहे, हे साखऱ्यात कुणालाच धड सांगता आलं नसतं. चैत्र लागला की विहिरींचा तळ दिसायचा आणि बायाबापड्या घागरी घेऊन दुसऱ्याच्या मळ्यात पायपीट करायच्या. अशा या कोरड्या गावात, व्यंकटराव देशमुखांच्या सदरेवर दसऱ्याला पहिली पूजा व्हायची ती वल्ह्याची. पाच हात लांब, काळंकुळीत, पिढ्यान्‌पिढ्या तेल प्यालेलं वल्हं. घरात तलवारी होत्या, ठासणीची बंदूकही होती, पण हळदकुंकवाचा पहिला मान वल्ह्याचा.

देशमुखी वतनाची, पण आडनावच गलबते. मूळपुरुष दर्याजीराव म्हणे मराठ्यांच्या आरमारात पाच गलबतांचा सरदार होता. कोकणच्या किनाऱ्यावर त्यानं शत्रूचं जहाज जाळलं आणि त्याची बक्षिसी म्हणून साखऱ्याची देशमुखी मिळाली. वल्ह्याच्या दांड्यावर दोन खोलगट जागा होत्या. त्या शत्रूच्या तलवारीच्या घावाच्या, असं व्यंकटराव पाहुण्यांना बोट लावून दाखवायचे. तलवारीचा घाव इतका गुळगुळीत कसा, हे विचारायची छाती पंचक्रोशीत कुणाची नव्हती.

छाती नसायला कारणही होतं. आजोबांचा हैदराबादेपर्यंत वशिला, वडील जिल्ह्याच्या कमिटीवर, आणि व्यंकटराव स्वतः निजामाविरुद्धच्या अडतीसच्या सत्याग्रहात सहा महिने तुरुंगात जाऊन आलेले. सेनगावापासून नरसीपर्यंत त्यांचा शब्द खाली पडत नसे. "आमच्या घराण्यात पिढीला एक माणूस पाण्यावर असतोच," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. पहिल्या महायुद्धात त्यांचे चुलते मजूर म्हणून बसऱ्याला गेले होते. बोटीवर जाता-येता उलट्या करण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं, पण तेही आरमारातच धरलेले.

त्यातून दुसऱ्या महायुद्धात पोरगा संतराम खरोखरच नौदलात गेला, तेव्हा व्यंकटरावांना आभाळ ठेंगणं झालं. सेहेचाळीस साली मुंबईत खलाशांनी गोऱ्या साहेबांविरुद्ध संप केला. त्यात संतरामही होता. कोठडी झाली, नोकरी गेली. घरी परतला तेव्हा व्यंकटरावांनी हिंगोलीच्या स्टेशनावर बैलगाडी आणि वाजंत्री नेली.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "कप्तान व्हतास का रे?"

"न्हाई नाना. बॉयलरात कोळसा मारत व्हतो."

"ते लोकाला सांगू नको," व्यंकटराव म्हणाले.

घरी आल्यावर संतरामनं सदरेवरचं वल्हं हातात घेतलं, वरखाली फिरवलं, आणि जरा हसून परत खुंटीवर टांगलं. बापानं विचारलं, "काय, दर्यावरचं हाये का न्हाई?" पोरगा म्हणाला, "वल्हं हाये, नाना. चांगलं हाये." व्यंकटरावांना तेवढं पुरलं.

पुढच्या वर्षी संतरामला मुलगा झाला. देश स्वतंत्र झालेला, पण हैदराबाद संस्थान अजून निजामाच्या मुठीत. उघड सभा घ्यायची सोय नव्हती, म्हणून व्यंकटरावांनी पौषात नातवाच्या बारशाचं निमित्त केलं. चळवळीची माणसं आली, गावं आली. नातवाचं नाव ठेवलं दर्याजी. आणि त्याच दिवशी, बारा वर्षांनी, फुलसिंग भाट वंशावळीची वही घेऊन दारात उभा राहिला.

भाटाची रीत ठरलेली. दर बारा वर्षांनी यायचं, मूळपुरुषापासून वंश वाचायचा आणि शेवटी नव्या लेकरांची नावं चढवायची. ज्याचं नाव वहीत नाही, त्याला घराण्याचा म्हणून कुणी धरत नाही. व्यंकटरावांचे वडील हे वाचन देवघराचं दार लावून एकट्यानं ऐकायचे. "ऋषीचं कूळ आन्‌ नदीचं मूळ पाहू न्हाई," असं मरताना लेकाला सांगूनही गेले होते. पण व्यंकटरावांना वाटलं, बापाचा स्वभावच मिटमिटीत. एवढा मोठा वारसा, तो दार लावून काहून ऐकायचा?

"फुलसिंगबुवा, सदरेवर बसा. समद्यांला ऐकू जाऊ द्या."

म्हाताऱ्यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. "मालक, बराबर इचार केला ना?"

"वाचा तुमी."

फुलसिंगनं वही कपाळाला लावली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "मूळपुरुष दर्याजी. वस्ती पैनगंगेचा उतार. काम डोंगा वल्हवणे. लष्कर पुरात अडकले असता पाच दिवस पाच रात्री डोंगा वल्हवून पलीकडे उतरविले. सबब साखऱ्याची देशमुखी."

मग मागून ग्यानबा शिंप्याचा आवाज आला. या माणसाची सुई परवडायची, जीभ नाही. "म्हंजे आरमार पैनगंगंतच व्हतं की हो!"

जो हशा पिकला, तो व्यंकटरावांच्या कानशिलात बसला. सत्याग्रहात लाठी खाल्लेला माणूस, पण इतकं लागलं नव्हतं.

"ती वळ गाळून वाचा," ते ओरडले.

"गाळता येत न्हाई, मालक. जे मूळ झाकायचं, त्याच्या शेंड्याला शाई लावायची न्हाई, ही बापजाद्याची आण हाये." फुलसिंगनं वही मिटली. "लेकराचं नाव चढवायचं असंल तर मुळासकट चढंल."

"निघा तुमी!"

भाट निघून गेला. पाळण्यातला दर्याजी वहीबाहेर राहिला. त्याच संध्याकाळी व्यंकटरावांनी वल्हं उतरवून गोठ्यात टाकलं. तिथं ते वासराच्या दाराला अडसर म्हणून लागलं.

सहा-सात महिने असेच गेले. व्यंकटराव चारचौघांत जाईनासे झाले. पार्वतीबाई, त्यांची बायको, नातवाला मांडीवर घेऊन बसायची आणि मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "तुझं नाव कुठं लिवलंच न्हाई रं लेकरा. तू कुणाचा मग?" व्यंकटराव उठून मळ्यात जायचे. त्यांना रात्रंदिवस ते एकच खुपत होतं. वही उघडावी तर हसं होणार, मिटलेली ठेवावी तर वंश संतरामपाशीच संपणार.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात गावोगाव निजामाच्या सशस्त्र टोळ्यांची धामधूम माजली. लोक घरंदारं सोडून वऱ्हाडात निघाले. पैनगंगेच्या पल्याड म्हणजे वऱ्हाड, तिथं भारताचं राज्य. पण नदी दुथडी भरलेली आणि उतारावरचा डोंगा पुरात वाहून गेलेला. अल्याडच्या काठावर पोराबाळांसकट माणसं भिजत बसली. साखऱ्याची होती, तांड्यावरची होती, दोन घरं मुसलमान विणकरांचीही होती. भीतीनं जात विचारली नव्हती.

संतराम धावत घरी आला. "नाना, गुळाची काहील न्यायची हाये."

"काहील?"

"दुसरं काय तरंगणार? सा माणसं बसत्यात. मी कमरंला दोर बांधून पल्याड गेलतो, दोर बांधलाय. पन काहील धारंत गरगर फिरती. शेजारच्या मळ्यातली नेऊन पाहिली, उलटता उलटता वाचली. एक वल्हं पायजे अन्‌ ते धरणारा पायजे."

गलबत्यांनी उसाचा रस कढवायच्या काहिलीत बसायचं! व्यंकटरावांच्या तोंडाशी 'न्हाई' आलं होतं. तेवढ्यात पार्वतीबाई गोठ्यातून वल्हं ओढत घेऊन आली. शेणानं माखलेलं. काहील न्यायला जुंपलेल्या गाडीत तिनं ते टाकलं.

"आवं, हे घ्या. पाण्याचं एवढं एकच हत्यार हाये घरात. आन्‌ धरणारा बी एकच रिकामा बसलाय."

नदीकाठी व्यंकटरावांनी धोतराचा काचा मारला आणि काहिलीत पाय ठेवला. पहिल्या खेपेला तांड्यावरची अनुसयाबाई होती, तिची चार लेकरं, आणि पल्याडून दोर ओढायला संतराम. मधल्या धारेत काहील कलली, लेकरं किंचाळली. व्यंकटरावांनी वल्हं पाण्यात खुपसलं आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबून धरलं. हात घसरत घसरत खाली आले आणि दोन्ही तळवे त्या दोन खोलगट जागांत बसले. अगदी बेतल्यासारखे बसले. काहील सरळ झाली.

ते घाव नव्हतेच. कुण्या दर्याजीच्या, त्याच्या बापाच्या, आज्याच्या हातांनी लाकूड झिजलं होतं. व्यंकटरावांना आधी लाज वाटली, आणि लाजेमागून असा काही अभिमान दाटून आला की डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसंच वाहू दिलं. सगळेच भिजलेले, कुणाला कळलं नाही.

तीन दिवस काहील चालली. मोजदाद कुणी ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी ग्यानबा शिंपी चढला. शिवणयंत्र पोटाशी धरलेलं, डोळे गच्च मिटलेले.

"काहून रे ग्यानबा, आज बोलत न्हाईस?" व्यंकटरावांनी विचारलं. त्यांच्या हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि चिंध्या लाल झाल्या होत्या.

"मालक, पार झाल्यावर बोलतो," ग्यानबा म्हणाला.

भादव्यात संस्थान भारतात आलं. माणसं परतली. व्यंकटरावांनी नरसीला गाडी पाठवली आणि तिथं मुक्कामाला असलेल्या फुलसिंग भाटाला मानानं बोलावून घेतलं. दसऱ्याला सदर पुन्हा भरली. पौषात होती ती सगळी माणसं होती, वर तांडा होता, विणकर होते, हार घेऊन आलेले पुढारीही होते. वल्हं धुऊन, तेल लावून पाटावर ठेवलेलं. शेजारी मांडली होती काहील.

"फुलसिंगबुवा, मुळापासून वाचा," व्यंकटराव म्हणाले. "मोठ्यानं. मागच्यांला ऐकू आलं पायजे."

म्हाताऱ्यानं वाचलं. काम डोंगा वल्हवणे, या शब्दांवर व्यंकटराव मान ताठ करून बसले होते. वाचता वाचता भाट त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला. बोरू शाईत बुडवून त्यानं विचारलं, "व्यंकटराव. काम काय लिवू, मालक? देशमुखी, का काँग्रेसची पुढारकी?"

"डोंगा वल्हवणे," व्यंकटराव म्हणाले.

मागून ग्यानबा उभा राहिला. "डोंगा कुठं व्हता, भाटबुवा? काहील लिवा. आमी तिच्यात बसून वाचलोत."

सदर हसली, आणि सगळ्यांत आधी हसले व्यंकटराव. "लिवा, काहील लिवा. अन्‌ संतरामपुढं लिवा, नौदलात बॉयलरात कोळसा मारणे. काय बी झाकू नका."

मग फुलसिंगनं नातवाचं नाव चढवलं. दर्याजी. वल्ह्यापाशी रांगत गेलेलं ते लेकरू दांडा धरून उभं राहायला बघत होतं.

"याचं काम?"

"जागा सोडून ठिवा," व्यंकटराव म्हणाले. "पूर आला की त्याचं तो लिवून घील."