शेपटीवाली आणि पालथा डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. वैनगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीकडे उतरायच्या घाटावर माझा मुक्काम असतो. डोंगा म्हणजे एकाच खोडाला कोरून केलेली नाव. मला फळ्या नाहीत आणि जोडही नाहीत. आहे ती फक्त एक गाठ, बुडाशी, मागच्या बाजूला. तिचीच ही गोष्ट आहे. वीस वर्षं ती मी पोटात ठेवली. आता सांगून टाकतो, म्हणजे एकदाचं चैन पडेल.

बिज्याचं एक मोठं झाड होतं. त्यातून आम्ही दोघे भाऊ निघालो. इतवारी आणि डोमा या सख्ख्या भावांनी आम्हाला वाकसाने तासलं, आत विस्तव ठेवून पोट रुंद केलं, बुडाला डांबर फासलं. थोरला डोंगा इतवारीचा आणि धाकटा मी डोमाचा. झाड एकच, म्हणून बुडाशी गाठही दोघांना सारखीच. तेव्हा घाटावर सात डोंगे होते. समुद्र काही आम्ही पाहिला नाही, पण हा घाटच आमचं बंदर होता आणि रुबाब आम्हाला जहाजांचा होता. बाजाराच्या दिवशी धानाची पोती, शेळ्या, नवरदेव, मास्तर, सगळे आमच्यातून जायचे. उतरताना लोक आमच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावायचे.

आमच्या घाटावर एका गोष्टीची फार धास्ती होती. कधीमधी आभाळातून एक जळती रेघ जाते. ती नदी ओलांडून गेली, तर तिला म्हणायचं शेपटीवाली. ती पाण्यावरचा एक माणूस मागते, असं म्हातारे सांगत. ती दिसली की डोंगे काठावर ओढायचे, पालथे घालायचे आणि तीन दिवस पाण्याला लावायचे नाहीत. आणि तिच्याकडे बोट तर मुळीच दाखवायचं नाही. ज्या घरातून बोट उठतं, तिथलाच माणूस ती नेते म्हणे.

वीस वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला शेपटीवाली गेली. इतवारी तेव्हा पोती घेऊन भर पात्रात होता. त्याची बायको गिरजाबाई काठावर उभी होती. चार वर्षांच्या मिथुनला तिने बोट दाखवून म्हटलं, "पाह्य रे, चांदणी पळून राह्यली." तेवढ्यात माझा भाऊ बुडाला. दोन उतारू पोहून आले. इतवारी आला नाही. माझ्या भावाचं लाकूडही कुणाला सापडलं नाही.

गावाने ठरवून टाकलं की गिरजाबाईने बोट दाखवलं म्हणून नवरा गेला. लग्नात तिला हळदीला बोलावत नसत. एखादी बाई बाळ कडेवर घेऊन जाताना गिरजाबाई दिसली, की बाळावर पदर ओढून घेई. गिरजाबाईने त्या दिवसापासून आभाळाकडे हात उचलला नाही.

आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. त्या सकाळी इतवारी डोमाला म्हणाला होता, "माझ्या डोंग्याला गाठीपाशी भेग पडली आहे रे. मी पोती आणतो, तू डांबर लाव." डोमाला पत्त्यांच्या डावाची घाई होती. त्याने भेगेत चिखल लिंपला, वरून हात फिरवला आणि निघून गेला. मी शेजारीच पडलो होतो. पण लाकडाला तोंड कुठे असतं! नंतर शेपटीवालीचं नाव सगळ्यात मोठ्याने घेऊ लागला तो डोमाच. त्याला वाहून नेताना मला किळस यायची, आणि कीवही यायची.

दिवस गेले. बाकीचे डोंगे कुजले, मोडले, चुलीत गेले. उरलो एकटा मी. माझ्यात पाणी येऊ लागलं, तर डोमा डब्याने उपसायचा आणि "जुना झाला आता" म्हणायचा. मला उलटून पाहायचं काही त्याला सुचलं नाही.

यंदा भादव्यात एका संध्याकाळी पुन्हा जळते गोळे रांगेने नदीवरून गेले. गावात बाळंतपणाचं पाहणारी आशाताई रीता मोबाईल पाहून म्हणाली, "भाऊ, हे कोणत्या तरी रॉकेटचे तुकडे आहेत." डोमा म्हणाला, "असतीन. पण नदीवरून गेले ना?" त्याने दोन माणसं बोलावली आणि अंधार पडता पडता मला पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिथुनची बायको नूतन बाळंतपणात अडली. मिथुन मूल गावच्या राईस मिलमध्ये कामाला. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, वाहून गेलेला, त्यामुळे गाडी गावात येईना. रीताने फोन करून अँब्युलन्स पलीकडच्या काठावर बोलावली. नूतनला खाटेवर घालून घाटावर आणलं. ती ओठ चावत होती.

"डोमा भाऊ, बाळ आडवं आहे," रीता म्हणाली. "इथी काही होणार नाई. दोन जीव आहेत."

"तीन दिवस डोंगा उतरत नाई," डोमा म्हणाला. "माह्या भावाले नेलं तिनं. आता सुनेले देऊ का?"

गिरजाबाईने पदर खोचला. ती मला एकटीच सुलटं करायला लागली. तिचा हात बुडावरून फिरला आणि गाठीपाशी थांबला. अख्खं बोट भेगेत गेलं.

"भाऊजी, याले भेग हाय."

डोमा जवळ आला. त्यानेही भेगेत बोट घातलं. इतवारीच्या डोंग्याला होती, तीच जागा होती.

"चूल पेटवा, डांबर आणा," रीता ओरडली. चिंध्या आल्या, पत्र्याचा तुकडा आला. नूतन कण्हत होती, पलीकडे गाडीचा लाल दिवा फिरत होता आणि डांबर काही लवकर पातळ होईना. मी तर आतल्या आत तडफडत होतो. डोमाने पत्रा भेगेवर धरला आणि खिळा टेकवला.

"वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला, "तवा बी भेग होती. दादानं डांबर लाव म्हटलं होतं. मी चिखल लावला."

गिरजाबाईने डांबराचा डबा खाली ठेवला. 

"वीस वर्षं," ती म्हणाली. "अन् तू माह्यं बोट दाखवत होता लोकायले."

डोमा रडू लागला.

"रडू नोको. खिळा मार. पोरगी तिकडं मरून राह्यली."

त्याने खिळे मारले. मला पाण्यात लोटलं. मित्रांनो, इतकी माणसं मी पार नेली, पण नूतनला नेताना माझं सगळं अंग बुडाकडे कान लावून होतं. एक थेंबही आत आला नाही. काठ लागला, नूतन गाडीत गेली. गिरजाबाई मागून चढता चढता वळली. "मले सांगितलं, थे मी ऐकलं. आता गावात सांग."

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर डोमाने सांगितलं. कुणी हसलं, कुणी थुंकलं, दोन म्हाताऱ्या रडल्या. गिरजाबाईने त्याला माफ केलेलं नाही. माफ कर, असं मीही तिला सांगणार नाही.

आता डोमा दर अमावस्येला मला पालथं घालतो आणि बोटांनी बूड चाचपतो. नूतनला मुलगी झाली. गिरजाबाई कातरवेळी तिला घेऊन माझ्या पाठीवर बसते. परवा चांदण्या निघाल्या, तेव्हा तिने हात वर केला आणि तेच बोट आभाळाकडे धरून ती नातीला म्हणाली, "पाह्य माय, थे पाह्य." डोमा दोन पावलांवर डांबर ढवळत होता.

मित्रांनो, आभाळाकडे खुशाल पाहा, ते फार सुंदर आहे. पण पाण्यावर जाण्याआधी आम्हा मुक्या लाकडांच्या बुडाकडेही एकदा पाहत जा. भेग दिसली तर चिखल लिंपू नका. आणि लिंपलाच असेल, तर तो दुसऱ्याच्या बोटाला पुसू नका.