माशीभोवतीचं कडं

"ही रायफल कुठली, एवढंच सांगायचं," इन्स्पेक्टर नेद्याल्कोवाबाई म्हणाल्या.

पडद्यावर थांबवलेलं दृश्य. हातात रायफल घेतलेला स्टंटवाला यावोर, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर समोरच्या नटाच्या रायफलीची नळी. पुढच्याच क्षणी बार उडाला होता आणि यावोरचा डोळा गेला होता.

क्रास्त्यो सोफियातल्या स्टुडिओच्या हत्यारखान्यात कामाला होता. जवळच्या दृश्याला चिनी टाइप ५६ द्यायच्या. त्या मुक्या, त्यांचा बार उडत नाही. लांबच्या दृश्याला बल्गेरियन एकेएम, त्यांत गोळीविना आवाजी काडतुसं; जवळून त्यांचा झोतही इजा करतो. खूण सोपी. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते. तिच्याभोवतीचं कडं चिनीचं पूर्ण बंद, बल्गेरियनचं वरून उघडं.

पडद्यावर कडं बंद होतं.

पहिलं उत्तर : चिनी.

हे कूमचं उत्तर. अस्पारुह हत्यारखान्याचा प्रमुख. क्रास्त्योच्या लग्नात पाठीशी उभा राहिलेला, त्याच्या मुलाला बाप्तिस्म्याला उचलून घेणारा कूम. त्याचा शब्द घरात कुणी मोडत नसे. यावोरसमोरच्या नटाला रायफल त्यानेच दिली होती.

"चिनी म्हण," सकाळी रकिया ओतत तो म्हणाला होता. "दिसते चिनीच, मग खोटं काय त्यात? बार यावोरच्या हातातल्या रायफलीचा ठरेल."

"कूम, त्याला भरपाईसुद्धा मिळायची नाही."

"आणि मी आत गेलो तर? घरी बायकोला, स्तांकाला, काय तोंड दाखवशील? पी आधी."

दुसरं उत्तर : ओळखता येत नाही.

त्याने ते देऊन पाहिलं.

"तुम्हाला?" बाई हसल्या. "मग काय माझ्या आजीला विचारू?"

तिसरं उत्तर

(हे त्याला नको होतं.)

चित्रपट व्हिएतनाम युद्धाचा. चिनी रायफली कमी पडल्या. बल्गेरियन दिसल्या तर जाणकार हसतील, असा दिग्दर्शकाचा धोशा. तेव्हा क्रास्त्योने बल्गेरियन रायफलींची कडी वरून वेल्डिंगने बंद केली, लाकडं बदलली. काम इतकं बेमालूम झालं की कूमने कौतुकाने त्याचं कपाळ चुंबलं. दोन्ही जाती एकाच घोडीवर टांगल्या गेल्या. चिठ्ठी लावायचं कुणालाच सुचलं नाही. इथे नजर पुरते, असंच सगळे धरून चालत.

तो पडद्याजवळ गेला. कड्याच्या डाव्या अंगाला एक चपटी जागा होती.

"बल्गेरियन," तो म्हणाला. "चिनी मी केली. हे चपटं दिसतंय? इथं माझी कानस जास्त चालली."

"हातात कुणी दिली?"

दाराच्या धुरकट काचेपलीकडे कूमची टोपी हलली.

"अस्पारुहनं. पण त्याला फरक कळला नसता. मी ठेवलाच नव्हता."

"मग हे तुमच्यावरही येतंय. बसा."

"बसलोय की," क्रास्त्यो म्हणाला. तो अजून उभाच होता.