कंडक्टरबाईंचं भांडं

मी एक जुनं भांडं आहे. पण मित्रांनो, मला शेगडीवर किंवा ताटाशेजारी शोधू नका. माझी जागा रुग्णालयात, वॉर्डाच्या टोकाच्या धुण्याच्या खोलीत आहे. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्या अंगाखाली मला सरकवतात. कागदोपत्री माझं नाव बेडपॅन. वॉर्डात मात्र मी नुसतं ‘भांडं’, आणि तेही आवाज खाली आणून. नाक मुरडलंत ना? मुरडा. मला सवय आहे.

स्टीलच्या एका पत्र्यातून माझा जन्म झाला. वरून यंत्राचा दणका बसला आणि मी आकाराला आलो. कारखान्यातल्या एका बाईंनी माझी कड घासून गुळगुळीत केली आणि शेवटी स्वतःचा तळवा तिच्यावरून फिरवून पाहिला. कुणाच्या अंगाला टोचू नये म्हणून. माझ्याच पत्र्याची पातेली घरोघर गेली, मी इथे आलो. सुरुवातीला वाईट वाटलं, मग कामात रमलो. पाय मोडलेले, ऑपरेशन झालेले, म्हातारपणाने थकलेले, सगळे माझ्या ओळखीचे झाले. एक आजोबा तर मला पाहून म्हणायचे, “या, महाराज!”

पण मला सांगायचं आहे ते कंडक्टरबाईंबद्दल.

त्या शहरातल्या बसवर कंडक्टर होत्या. स्ट्रेचरवरून वॉर्डात येतानाही ढकलणाऱ्याला सांगत होत्या, “वळणावर हळू घे बाबा, प्रवासी आजारी आहे!” त्यांचा आवाज असा, की टोकाच्या खोलीत आम्ही भांडीसुद्धा दचकलो.

त्या आवाजापायीच सगळं घडलं होतं. घसा बसला, म्हणून त्यांनी दुकानातून जंतू मारणाऱ्या जालीम गोळ्या आणल्या. एका पाकिटाने गुण आला नाही, म्हणून दुसरं आणलं, मग तिसरं. डॉक्टरांना विचारलंच नाही. घसा त्याच्या वेळेला सुटला. पोट मात्र बिघडलं ते बिघडलंच. दिवसभर पाण्यासारखे जुलाब, ताप, पोटात पिळवटून निघणारी कळ.

तपासणी झाली आणि त्यांना लगेच वेगळ्या खोलीत हलवलं. माझ्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. आता मी फक्त त्यांचा. खोलीत येणाऱ्याने अंगावर झगा आणि हातात मोजे घालायचे, जाताना साबणाने हात चोळून धुवायचे. बाटलीतलं सॅनिटायझर हाताला चोळून हा जंतू मरत नाही, असं सिस्टर प्रत्येकाला बजावत.

पोटाच्या डॉक्टरबाईंनी कंडक्टरबाईंना समजावून सांगितलं, तेव्हा मी पलंगाखालीच होतो.

“आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यातले बहुतेक आपल्या भल्याचेच. आपल्याला न पचलेलं ते पचवतात. आतड्याचं अस्तर धडधाकट ठेवतात. शरीराच्या रक्षक पेशींना आपला कोण, परका कोण हे शिकवतात. आणि मुख्य म्हणजे जागा धरून बसतात, त्यामुळे रोगाच्या जंतूंना पाय रोवता येत नाही. तुमच्या गोळ्यांनी चांगलेच जिवाणू मेले. एक चिवट जंतू मात्र उरला आणि मोकळ्या जागेत माजला.”

कंडक्टरबाई म्हणाल्या, “म्हणजे मी भले प्रवासी उतरवले, आणि रिकाम्या गाडीत गुंड चढले.”

“अगदी तसंच.”

“मग त्यांना उतरवा की!”

त्यासाठी दुसरं औषध सुरू झालं. जुलाब थांबले, बाई घरी गेल्या. औषध संपलं आणि दुखणं उलटलं. पुन्हा आल्या, बऱ्या झाल्या, गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा स्ट्रेचर ढकलणाऱ्याला त्या काहीच बोलल्या नाहीत.

मित्रांनो, मला त्या शांततेची भीती वाटली. पूर्वी त्या “भांडं!” अशी हाक मारायच्या, आता नुसतं बोट हलायचं. त्यांचं वजन मला कळत होतं. दर खेपेला थोडं कमी. वॉर्डातल्या मावशी मला सरकवताना त्यांच्या कमरेखाली हात घालायच्या आणि म्हणायच्या, “हाडं लागतात हो हाताला.” मग जुलाब कमी झाले. मला वाटलं, सुटलो. पण डॉक्टरबाईंचा चेहरा आणखी गंभीर झाला. पोट फुगत चाललं होतं. आतडं दमून थांबायला लागलं होतं.

मावशी मला धुवायला नेत होत्या, तेव्हा व्हरांड्यात सर्जन नवऱ्याशी बोलत होते. नवरा रंगारी, कामावरून तसाच आलेला, कोपरापर्यंत हिरवे शिंतोडे.

“असंच फुगत राहिलं तर मोठं आतडं काढावं लागेल,” सर्जन म्हणाले. “आणि इतक्या अशक्त माणसाला ते झेपेलच, असं मी सांगू शकत नाही.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्याआधी एक उपाय करून पाहू. निरोगी माणसाच्या शौचात ते चांगले जिवाणू जिवंत असतात. ते तपासून, मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, दुर्बिणीच्या नळीतून यांच्या आतड्यात सोडायचं. आपल्याकडे हे नवं आहे, पण याने पुष्कळ रुग्ण बरे झालेत.”

रंगाऱ्यांनी विचारलं, “शौच? दुसऱ्याचं?” मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, “माझं घ्या. लागेल तेवढं घ्या.”

पण त्यांचं चालेना. गेल्या महिन्यात नाक वाहत होतं, तेव्हा त्यांनी बायकोच्या उरलेल्या त्याच जालीम गोळ्या खाल्ल्या होत्या. “पडून वाया जातील म्हणून,” ते मान खाली घालून म्हणाले. मी धुऊन पलंगाखाली परत आलो, तेव्हा आईच्या उशाशी बसलेली मुलगी पुढे आली. तिला डॉक्टरबाईंनी विचारलं, अलीकडे अंगावर काही गोंदवलं आहे का? मुलीने आईकडे चोरून पाहत मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. खाली छोटंसं पाखरू होतं, ताजं. सुईतून रक्तात काही संसर्ग गेला असेल तर तो लगेच कळत नाही, म्हणून तीही बाद.

पलंगावरून कित्येक तासांनी आवाज आला. “टॅटू? कधी काढलास गं?”

“आई, तू बरी हो, मग ओरड.”

आता उरली नणंद. रंगाऱ्यांची धाकटी बहीण. ती ग्रंथालयात काम करायची, बोलायची इतकी हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. साध्या तापालाही गोळी न घेणारी. पण सासूबाई गेल्यावर कंडक्टरबाईंनी घरातलं शिलाई मशीन भंगारात दिलं होतं, तेव्हापासून नणंद-भावजयींचं बोलणं बंद होतं. आईच्या त्या मशीनवर नणंदेचे लहानपणचे सगळे फ्रॉक शिवले गेले होते.

रंगाऱ्यांनी फोन केला. ती आली. दारातूनच तिने पलंगाकडे पाहिलं आणि डॉक्टरबाईंना विचारलं, “कुठे द्यायचं रक्त?”

तिच्या तपासण्यांचे निकाल येईपर्यंत वॉर्डात कुणी धड बसत नव्हतं. बाईंचा ताप चढत होता, नाडी धावत होती. सगळे निकाल चांगले आले, तेव्हा डॉक्टरांची सकाळची फेरी होऊन गेली होती आणि सर्जनांनी ऑपरेशनची खोली राखून ठेवली होती. डॉक्टरबाईंनी नणंदेच्या हातात झाकणाचा स्वच्छ डबा दिला. “ताजंच लागेल. आता जितक्या लवकर होईल तितकं बरं.”

नणंद आमच्या खोलीला लागून असलेल्या शौचालयात गेली. मी भिंतीपलीकडे ओट्यावर निथळत होतो. सगळं ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

“बेबी, झालं का?” बाहेरून भाऊ.

“नाही रे दादा.”

ती बाहेर आली, गरम पाणी प्यायली, व्हरांड्यात येरझारा घातल्या, परत आत गेली. मुलीने केळं आणून दिलं. सिस्टर येऊन गेल्या. डॉक्टरबाई येऊन घड्याळ बघत उभ्या राहिल्या. तिकडे बाईंचं पोट दगडासारखं कडक झालं होतं. सर्जनांनी निरोप पाठवला: फार थांबता येणार नाही.

“बेबी, थोडा जोर कर ना!”

“दादा, तू जा इथून!” त्या हळू बोलणाऱ्या बाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग ती रडायलाच लागली.

तेव्हा मावशी पुढे झाल्या. “हला सगळे. दाराला कान लावून पाच-पाच जण उभे राहिलात तर कुणाला होईल?” त्यांनी सगळ्यांना जिन्यापर्यंत पिटाळलं आणि स्वतः दाराकडे पाठ करून स्टूल टाकून बसल्या.

 मग आतून नणंद म्हणाली, “मावशी, मी तिला म्हटलं होतं, तुझं तोंड पुन्हा पाहणार नाही. आता वाटतं, तसंच होतंय.”

“रागात सगळेच बोलतात,” मावशी म्हणाल्या. “माझी बहीण आणि मी तर एकमेकींच्या वेण्या ओढायचो. लग्नं झाल्यावरसुद्धा.”

आतून रडता रडता हसू फुटलं. मावशी मग आपल्या बहिणीबद्दल काहीबाही सांगत राहिल्या, तिच्या बेसूर गाण्याबद्दल, तिने जाळलेल्या भाताबद्दल. आणि हळूच दाराची कडी वाजली. नणंद बाहेर आली. तिने लाजून डबा पदराआड धरला होता.

“डॉक्टरबाई!” मावशींची हाक पूर्ण मजल्याला ऐकू गेली.

पुढचं मी पाहिलं नाही. बाईंना नळीच्या खोलीत नेलं आणि आणलं. ती दुपार आणि ती संध्याकाळ मी पलंगाखाली होतो. वर श्वास चालू आहे एवढंच कळत होतं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी थर्मामीटर दोनदा पाहिला. ताप उतरत होता. पोट मऊ झालं. सर्जन आले, दाबून पाहिलं, डॉक्टरबाईंकडे बघून मान हलवली आणि ऑपरेशनची खोली दुसऱ्या कुणाला दिली.

आणि मग एका सकाळी आवाज आला. चिरका, पण आवाज. “भांडं!”

मी सरकलो. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पुष्कळ पाहिलं, पण त्या सकाळी माझ्यात जे पडलं त्याच्याइतका आनंद कशानेच झाला नाही. मावशींनी डोकावून पाहिलं आणि दारातून ओरडल्या, “सिस्टर, घट्ट! चांगली घट्ट झाली!” सिस्टर धावत आल्या. डॉक्टरबाई आल्या. तिघी माझ्यात वाकून बघत उभ्या होत्या आणि हसत होत्या.

त्या दिवशी नणंद झगा घालून पलंगाजवळ येऊन बसली. 

“आता तुझे प्रवासी माझ्या गाडीत,” कंडक्टरबाई म्हणाल्या.

“मशीनचं मी विसरलेले नाही, वहिनी.”

“नकोच विसरू. मी विचारायला हवं होतं.”

नणंदेने उशी नीट केली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

आता मी जुना झालो आहे. तळाला पोचे पडलेत. हल्ली वापरून टाकून द्यायची कागदाची भांडी आली आहेत, मी खालच्या फळीवर असतो. त्याची तक्रार नाही. दोनच गोष्टी मागतो. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि दुसऱ्याच्या उरलेल्या तर मुळीच खाऊ नका, कारण तुमच्या पोटात राहणाऱ्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही. आणि घरातलं कुणी अंथरुणाला खिळलं आणि हळू आवाजात भांडं मागू लागलं, तर त्याला दुसऱ्यांदा मागायला लावू नका. मागताना माणूस किती लहान होतो, ते मी फार जवळून पाहिलं आहे.